गुलाल उधळला की चित्र का फुटतं?

अनंत चतुर्दशीला मोबाइलवर विसर्जन मिरवणूक लाइव्ह बघणाऱ्या बहुतेकांनी हे पाहिलेलं असतं. स्टुडिओतली निवेदिका बोलत असते तेव्हा तिच्या साडीच्या काठावरची नक्षीही स्पष्ट दिसते. मग कॅमेरा लालबागला जातो. श्रॉफ बिल्डिंगवरून राजावर पुष्पवृष्टी सुरू होते, खाली गुलाल उधळला जातो, आणि नेमकं ज्या क्षणासाठी आपण थांबलेलो असतो त्याच क्षणी मूर्तीसकट सगळं चित्र चौकोनी तुकड्यांत फुटतं. दोन मिनिटांनी निवेदिका परत येते, चित्र पुन्हा स्वच्छ. घरातलं कुणीतरी म्हणतं, "रेंज गेली."

रेंज बहुतेक वेळा गेलेली नसते. लाखोंच्या गर्दीत वार्ताहराच्या बाजूचं नेटवर्क कोलमडतं हे खरं. पण दोन्ही टोकांना नेट उत्तम असलं तरी पाकळ्या आणि गुलाल उडाले की चित्र फुटतंच. पावसात, समुद्राच्या फेसाळ लाटांवर, करंडक उचलताना उडणाऱ्या चमचमत्या कागदांतही हेच होतं. कारण शोधायचं तर व्हिडिओ आपल्यापर्यंत पोहोचण्याआधी त्याचं काय केलं जातं, ते बघावं लागेल.

दहा सेकंदांत संपणारा रिचार्ज

आधी एक साधा हिशेब करू. फुल एचडी चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके, म्हणजे पिक्सेल, असतात. एकूण २०,७३,६००. प्रत्येक पिक्सेलच्या रंगासाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, प्रत्येकी एक बाइट. म्हणजे एका चित्राला, ज्याला फ्रेम म्हणतात, सुमारे ६.२ एमबी लागतात. आपल्याकडच्या टीव्हीप्रमाणे सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर सेकंदाला १५५ एमबी आणि तासाला ५६० जीबी!

दिवसाला दीड जीबीचा रिचार्ज असेल तर तो पहिल्या दहा सेकंदांत संपला असता. प्रत्यक्षात आपण त्यावर अर्धा-पाऊण तास मिरवणूक सहज बघतो. यूट्यूब किंवा एखादी वृत्तवाहिनी फुल एचडी चित्र सेकंदाला साधारण पाच मेगाबिटांत पाठवते. एका फ्रेमच्या वाट्याला सरासरी २५ केबी येतात, मूळ फ्रेमच्या अडीचशेव्या भागाइतके. उरलेले २४९ भाग गेले कुठे? ते नाहीसे करणाऱ्या आणि पलीकडे चित्र पुन्हा उभं करणाऱ्या पद्धतीला कोडेक म्हणतात. आवळून बांधणारा तो एन्कोडर, सोडवून दाखवणारा तो डिकोडर.

पहिली बचत अगदी सोपी आहे. आपल्या डोळ्याला उजेड-अंधाराचे बारकावे चटकन कळतात, रंगाचे बारकावे तितके कळत नाहीत. म्हणून कोडेक प्रत्येक पिक्सेलची उजळता वेगळी ठेवतो, पण रंगाची माहिती चार-चार पिक्सेलांत मिळून एकदाच ठेवतो. चार पिक्सेलांना बारा आकडे लागायचे, तिथे सहा पुरतात. डेटा निम्मा झाला आणि कुणाला पत्ता लागला नाही. ही लबाडी उघडी पडते ती गडद लाल रंगाच्या कडांवर. काळ्या पार्श्वभूमीवरची लाल अक्षरं व्हिडिओत पुसटलेली दिसतात, त्यामागे हेच कारण आहे.

मागच्या महिन्यासारखंच

खरी मोठी बचत पुढे आहे. महिन्याचा किराणा भरताना नेहमीच्या वाण्याला आपण काय सांगतो? "मागच्या महिन्यासारखंच सगळं द्या, फक्त साखर एक किलो वाढवा आणि पोहे नकोत." चाळीस जिनसांची यादी एका वाक्यात संपते, कारण मागची यादी वाण्याकडे आहे. कोडेकही हेच करतो. निवेदिका बोलते तेव्हा एका फ्रेममधून पुढच्या फ्रेममध्ये तिचे ओठ, पापण्या आणि थोडीशी मान हलते, मागची भिंत जागची हलत नाही. मग भिंत पुन्हा कशाला पाठवायची? "मागच्यासारखंच" एवढं सांगून भागतं.

कॅमेरा फिरला तर? तर जवळजवळ प्रत्येक पिक्सेल बदलतो, पण चित्रातली वस्तू तीच असते, फक्त सरकलेली. म्हणून एन्कोडर फ्रेमचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनासाठी मागच्या फ्रेममध्ये शोध घेतो: हा तुकडा आधी कुठे होता? सापडला की "बारा पिक्सेल डावीकडून उचल" एवढीच सूचना लिहायची. या सूचनेला मोशन व्हेक्टर म्हणतात. उचललेला तुकडा तंतोतंत जुळत नाही, मुकुटावरची चमक थोडी बदललेली असते. तो उरलेला फरक वेगळा पाठवायचा. तो फरक म्हणजे आपली एक किलो साखर.

अर्थात मागची यादीच हरवली तर वाणी काहीच करू शकणार नाही. म्हणून ठरावीक अंतराने एक संपूर्ण फ्रेम, कशावरही न विसंबणारी, पाठवावी लागते. तिला कीफ्रेम म्हणतात. थेट प्रक्षेपणात ती साधारण दर दोन सेकंदांनी येते. चालू व्हिडिओत कधी माणसाचा चेहरा राखाडी डागांत अडकतो, हलला की डाग त्याच्याबरोबर ओढले जातात, आणि मग एकाएकी सगळं लख्ख होतं. तो लख्ख होण्याचा क्षण म्हणजे कीफ्रेम पोहोचल्याचा क्षण.

आणखी एक प्रकार आहे, मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही फ्रेमवर विसंबणाऱ्या फ्रेमचा. त्यात बचत सर्वांत जास्त होते. पण पुढची फ्रेम हातात येईपर्यंत थांबावं लागतं, म्हणून व्हिडिओ कॉलमध्ये असल्या फ्रेम सहसा टाळतात.

आठ आकड्यांचे दोन

उरलेला फरक आणि कीफ्रेम हेही आवळावे लागतात. इथे जे गणित वापरतात ते जवळून बघण्यासारखं आहे, म्हणून एक छोटं उदाहरण हातानं करून दाखवतो. एखाद्या सदऱ्यावरचे शेजारशेजारचे आठ पिक्सेल घ्या. त्यांची उजळता अशी आहे:

५२, ५४, ५७, ६०, ६२, ६५, ६७, ७०

सदरा डावीकडून उजवीकडे हळूहळू उजळत जातो. हे सांगायला आठ आकडे खर्च करायची गरज नाही. या आठांची मांडणी वेगळ्या पद्धतीनं करता येते: पहिला आकडा एकंदर उजळतेचा, दुसरा तिच्या संथ चढउताराचा, तिसरा त्याहून जलद चढउताराचा, असं करत आठवा अगदी बारीक खडबडीतपणाचा. या रूपांतराला डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, थोडक्यात डीसीटी म्हणतात. आपल्या आठ आकड्यांवर ते केलं की पूर्णांकांत हे येतं:

१७२, −१७, ०, −२, ०, ०, ०, ०

जवळजवळ सगळा ऐवज पहिल्या दोन आकड्यांत आला. आता प्रत्येकाला दहानं भागून जवळचा पूर्णांक घेऊ: १७, −२, आणि पुढे सगळी शून्यं. शून्यांची रांग लिहायला जवळपास काहीच लागत नाही. पलीकडे डिकोडर दहानं गुणतो, गणित उलटं करतो आणि त्याला मिळतात:

५०, ५२, ५५, ५८, ६२, ६६, ६८, ७०

मूळ आकड्यांपासून कुठेही दोनपेक्षा जास्त फरक नाही. शून्य ते २५५ च्या मोजपट्टीवर एवढा फरक डोळ्याला दिसत नाही. आठ आकड्यांचं काम दोनांनी केलं. आपण ज्या दहानं भागलं, तो भाजक म्हणजे सगळ्या कोडेकची मुख्य किल्ली. भाजक मोठा केला की जास्त आकडे शून्य होतात, डेटा घटतो आणि चित्रातले बारकावे जातात.

हे गणित एका भारतीय माणसाचं आहे, आणि त्याचं नाव आपल्या शाळांमध्ये कळायला हवं असं मला मनापासून वाटतं. नासिर अहमद, जन्म १९४०, बंगळूरु. अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत असताना त्यांनी १९७२ मध्ये या कल्पनेवर संशोधन करण्यासाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला. तो मिळाला नाही. अहमद थांबले नाहीत. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. आज तुमच्या फोनमधला जेपीईजी फोटो आणि यूट्यूबवरचा व्हिडिओ दोन्ही या गणितावर किंवा त्याच्या सुधारित रूपांवर उभे आहेत.

गुलालाचं गणित

आता लालबागला परत जाऊ. हवेत उडालेला गुलालाचा कण मागच्या फ्रेममध्ये कुठे होता? मूठ उघडण्याआधी तो दिसतच नव्हता, आणि आता हजारो कण हजारो दिशांना चालले आहेत. "बारा पिक्सेल डावीकडून उचल" ही सूचना इथे चालत नाही, कारण चौकोनातला प्रत्येक कण स्वतंत्र आहे. "मागच्यासारखंच" म्हणता येत नाही. संपूर्ण यादी नव्यानं लिहावी लागते.

ती लिहिण्यातही डीसीटीची मदत तुटपुंजी. सदऱ्यासारखा संथ चढउतार असेल तर आकडे शून्य होतात, कण-कण विखुरलेल्या चित्रात ते होत नाहीत. म्हणजे दोन्ही मोठ्या युक्त्या एकाच वेळी लंगड्या पडतात. इकडे प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला सरासरी २५ केबीच आहेत. एन्कोडरसमोर एकच मार्ग उरतो, भाजक वाढवत नेणं. दहाच्या जागी चाळीस, साठ. शेवटी बऱ्याच चौकोनांत पहिला आकडा तेवढा टिकतो, म्हणजे सबंध चौकोनाला एकच सरासरी रंग. आपल्याला दिसतात ते तुकडे म्हणजे हेच चौकोन. नव्या कोडेकांत चौकोनांच्या कडा पुसणारा फिल्टर असतो, त्यामुळे अलीकडे चित्र चौकोनी फुटण्याऐवजी चिखलासारखं होतं, पण कारण तेच.

मूर्ती जागची हललेली नसते, तरी ती का बिघडते? एक तर तिच्यासमोर कण उडत असतात. शिवाय तिचा आणि गुलालाचा डेटा एकाच तुटपुंज्या वाट्यातून जातो.

शोधायला वेळ किती?

कोडेकच्या अधिकृत मानकात, म्हणजे एच.२६४ सारख्या दस्तऐवजात, फक्त सोडवायचं कसं ते लिहिलेलं असतं. बांधायचं कसं हे प्रत्येक एन्कोडर बनवणाऱ्यावर सोडलेलं असतं. म्हणून एकाच कोडेकचे दोन एन्कोडर सारख्याच डेटात अगदी वेगळ्या प्रतीचं चित्र देऊ शकतात. "एच.२६४ आहे, म्हणजे चित्र अमुक प्रतीचं" हे वाक्य निरर्थक आहे.

फरक पडतो तो शोधण्यातून. सोळा बाय सोळाचा एक चौकोन घ्या आणि मागच्या फ्रेममध्ये चारी दिशांना ३२ पिक्सेलपर्यंत शोधा. तपासायच्या जागा होतात ४,२२५, आणि प्रत्येक जागी २५६ पिक्सेलांची तुलना. फुल एचडी फ्रेममध्ये असे आठ हजारांवर चौकोन. गुणाकार केला तर एका फ्रेमला सुमारे ८८० कोटी तुलना, सेकंदाला बावीस हजार कोटींच्या आसपास. आणि ही फक्त एकाच मापाच्या चौकोनांची गोष्ट झाली. नव्या कोडेकांत चौकोन १२८ पिक्सेलांचाही असतो, तो फोडून लहान करता येतो, आणि कुठे किती फोडायचा हेही एन्कोडरनंच ठरवायचं.

एवढं सगळं कुणी तपासत नाही. आडवाटा वापरतात: शेजारच्या चौकोनाला जी दिशा सापडली ती आधी बघ, बरं जुळलं की थांब. एक्स२६४ या प्रसिद्ध मुक्त एन्कोडरमध्ये किती घाई करायची ते आपण ठरवू शकतो, 'अल्ट्राफास्ट' पासून 'व्हेरीस्लो' पर्यंत पायऱ्या असतात. चित्रपट एकदाच एन्कोड करायचा असेल तर संगणकाला रात्रभर शोधू द्या, कुणाचं काही अडत नाही. थेट प्रक्षेपणात मात्र एका फ्रेमला एक पंचविसांश सेकंद मिळतो. तेवढ्यात जे सापडेल ते खरं.

चौकट: नावांची ओळख

- एच.२६४ (२००३): आजही सर्वाधिक ठिकाणी चालणारा. जवळपास प्रत्येक फोन, टीव्ही आणि ब्राउझर तो सोडवू शकतो.
- एचईव्हीसी किंवा एच.२६५ (२०१३): तेवढ्याच प्रतीचं चित्र निम्म्या डेटात देण्याचं उद्दिष्ट. पेटंटच्या परवान्यांचा गुंता मोठा, त्यामुळे अनेक ब्राउझरांत तो कित्येक वर्षं चालत नव्हता.
- व्हीपी९ (२०१३): गूगलचा, परवाना शुल्काविना. यूट्यूबवर भरपूर वापरला जातो.
- एव्ही१ (२०१८): अलायन्स फॉर ओपन मीडिया या संघटनेचा, तोही परवाना शुल्काविना. २०१५ मध्ये ही संघटना स्थापन करणाऱ्यांत अ‍ॅमेझॉन, सिस्को, गूगल, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला आणि नेटफ्लिक्स होते.
- व्हीव्हीसी किंवा एच.२६६ (२०२०): एचईव्हीसीचा वारसदार. अजून फार थोड्या उपकरणांत.

चिपमध्ये कोरलेला एन्कोडर

लॅपटॉपवरून लाइव्ह सुरू केलं की पंखा घोंगावू लागतो, आणि हातातला फोन मात्र शांतपणे ४के व्हिडिओ टिपत राहतो. फोनचा प्रोसेसर लॅपटॉपपेक्षा बलवान नसतो. त्याच्याकडे वेगळी सोय असते.

साधा प्रोसेसर कुठलंही काम करू शकतो, पण प्रत्येक पायरी त्याला सूचना वाचत करावी लागते. हार्डवेअर एन्कोडर म्हणजे चिपच्या एका कोपऱ्यात कायमचं कोरलेलं, फक्त व्हिडिओ आवळण्यासाठीचं मंडल. शेकडो पिक्सेलांची तुलना ते एकाच ठोक्यात करतं, डीसीटी आणि भागाकार लगोलग पुढच्या टप्प्यात होतात, आणि वीज अगदी थोडी लागते. प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असं मंडल असतं. संगणकांत इंटेलनं ते २०११ मध्ये क्विक सिंक या नावानं आणलं, एनव्हिडियानं २०१२ मध्ये एनव्हीईएनसी या नावानं. एव्ही१ एन्कोड करणारी ग्राफिक कार्डं इंटेल, एनव्हिडिया आणि एएमडी या तिघांनीही २०२२ मध्ये बाजारात आणली.

याची किंमत मोजावी लागते ती लवचीकपणात. कोरलेलं मंडल बदलता येत नाही. त्याला ठरलेल्याच आडवाटा माहीत असतात, आणि फुरसत दिली तरी ते जास्त शोधत नाही. सुरुवातीच्या हार्डवेअर एन्कोडरांचं चित्र त्याच डेटात सॉफ्टवेअरपेक्षा उघड कमी प्रतीचं असायचं. आता नव्या चिपमध्ये हा फरक बराच बुजला आहे, आणि थेट प्रक्षेपणात तर हार्डवेअरच घ्यावं असं माझं मत आहे. घाईत काम करणाऱ्या सॉफ्टवेअरपेक्षा चांगली चिप अनेकदा सरस ठरते, आणि ऐन वेळी संगणक गुदमरून फ्रेम गळत नाहीत. संग्रही ठेवायच्या चित्रफितीसाठी मात्र सॉफ्टवेअर आणि रात्रभराचा वेळ यांना तोड नाही.

एकदा बांधायचं, कोट्यवधी वेळा सोडवायचं

१५ नोव्हेंबर २०२३ ला वानखेडेवर विश्वचषकाचा भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना झाला, तेव्हा डिस्ने प्लस हॉटस्टारवर एका क्षणी ५ कोटी ३० लाख लोक एकाच वेळी बघत होते. चारच दिवसांनी अंतिम सामन्याला हा आकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला. एवढ्या सगळ्यांसाठी वेगवेगळं एन्कोडिंग करावं लागत नाही. सामना काही मोजक्या दर्जांत, २४०पी पासून वरपर्यंत, एन्कोड होतो. प्रत्येक दर्जाचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात आणि तुमचा फोन नेटचा वेग बघून पुढचा तुकडा कुठल्या दर्जाचा मागायचा ते ठरवतो. तुकडा पूर्ण तयार होणं, तो पोहोचणं, फोननं दोन-तीन तुकडे हाताशी ठेवणं, यात वेळ जातो. शेजारच्या घरातल्या टीव्हीवर षटकाराचा जल्लोष आधी ऐकू येतो आणि तुमच्या फोनवर गोलंदाज अजून धावत असतो, ते या कारणानं.

बांधणी थोड्या वेळा आणि सोडवणी कोट्यवधी वेळा, या विषम प्रमाणामुळे कोडेक रचताना सगळे कष्ट एन्कोडरच्या माथी मारतात. डिकोडर स्वस्त असला पाहिजे. यूट्यूबचं दुखणं मात्र वेगळं आहे: तिथे दर मिनिटाला पाचशे तासांहून जास्त व्हिडिओ येऊन पडतात, आणि प्रत्येक अनेक दर्जांत, अनेक कोडेकांत बांधावा लागतो. म्हणून गूगलनं स्वतःची एन्कोडिंग चिप घडवली. २०२१ मध्ये तिची माहिती जाहीर करताना आधीच्या सॉफ्टवेअर व्यवस्थेपेक्षा ती २० ते ३३ पट कार्यक्षम असल्याचं त्यांनी सांगितलं.

डिकोडर स्वस्त असला तरी तो चिपमध्ये असावा लागतो. फोनमध्ये एव्ही१ चं मंडल नसेल तर प्रोसेसर सॉफ्टवेअरनं ते काम करतो आणि बॅटरी भराभर उतरते. आयफोनमध्ये हे मंडल २०२३ च्या १५ प्रो पासून आलं. नवा कोडेक जाहीर झाल्यावर तो घराघरांत पोहोचायला सात-आठ वर्षं लागतात ती यामुळे: जुने फोन बाद होईपर्यंत थांबावं लागतं.

तुम्ही स्वतः लाइव्ह करणार असाल तर

लग्न, कीर्तन, ग्रामसभा, शाळेचं स्नेहसंमेलन, आता सगळंच परगावच्या नातलगांसाठी लाइव्ह होतं. ते करणाऱ्यांना चार गोष्टी सुचवतो. ओबीएससारख्या सॉफ्टवेअरमध्ये एन्कोडरच्या यादीत हार्डवेअरचा पर्याय दिसत असेल तर तो निवडा. कीफ्रेमचं अंतर दोन सेकंद ठेवा. आधी त्याच जागी, त्याच वेळी अपलोडचा वेग मोजा आणि बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवायचा डेटा, त्याच्या दोन तृतीयांशाच्या आत ठेवा.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत दुर्लक्षित: उजेड. कमी उजेडात कॅमेऱ्याच्या चित्रात बारीक दाणे नाचतात. ते प्रत्येक फ्रेममध्ये वेगळे असतात, आणि एन्कोडरच्या लेखी तो गुलालच असतो, अख्ख्या पडद्यावर, अखंड उडणारा. वक्त्याच्या चेहऱ्यावर एक चांगला दिवा लावा, कॅमेरा हातात न धरता तिपाईवर ठेवा, आणि तेवढ्याच डेटात चित्र किती सुधारतं ते बघा. त्यानंतरही अपलोड तोकडं पडत असेल तर १०८०पीचा हट्ट सोडून ७२०पी निवडा. पिक्सेल निम्म्याहून कमी होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला दुपटीहून जास्त डेटा येतो. फुटक्या फुल एचडीपेक्षा धड एचडी केव्हाही चांगलं.